वजाहत साहेबांचा तुर्की निकाह

वजाहत साहेबांनी दुसरा निकाह केल्याची बातमी शाइस्ता बेगमना टीव्हीवरून कळली, आणि त्या वेळी खुद्द वजाहत साहेब त्यांच्या शेजारी बसून कारल्यातला खिमा खात होते. एरवी आठ वाजले की ते घरात सापडत नसत. जेवणाआधी बागेत चकरा मारल्या नाहीत तर पोट धरतं, असं त्यांनी गेले काही महिने घरात सांगून ठेवलं होतं. पण त्या दिवशी नाझिमाबादच्या त्या बागेत कुणाच्या तरी लग्नाचा शामियाना लागला होता, आणि परक्या वऱ्हाडाच्या खुर्च्यांमधून चकरा मारणं त्यांच्या प्रतिष्ठेला शोभलं नसतं. प्रतिष्ठा सांभाळायला माणूस घरी थांबतो आणि ती नेमकी घरातच जाते, ती अशी.

पडद्यावर इस्तंबूलचा समुद्र होता, पाण्याला लागून पांढरं घर होतं आणि फुलांनी सजवलेल्या टेबलाशी नेजात बे नावाचे लाकडाचे व्यापारी निळा सूट घालून बसले होते. साठीतला माणूस, पण काय रुबाब. शेजारी फेराय नावाची देखणी बाई. काझींनी विचारलं, आणि नेजात बेंनी तिच्या डोळ्यांत पाहून खोल, घुमणाऱ्या, काळीज हलवणाऱ्या आवाजात म्हटलं, "कबूल आहे. कबूल आहे. कबूल आहे."

आवाज वजाहत साहेबांचा होता.

शाइस्ता बेगमनी हातातली रोटी ताटात ठेवली. उठून गॅस बंद केला. परत येऊन टीव्ही बंद केला. मग नवऱ्याकडे पाहून म्हणाल्या, "मुबारक असो. आवाज फार छान लागला होता तुमचा."

हे घराणं मूळचं अमरोह्याचं. फाळणीत घरदार, आमराई, सगळं मागे राहिलं. 'तुम्ही' तेवढं कराचीला बरोबर आलं. नवरा बायकोला तुम्ही म्हणतो, बायको नवऱ्याला तुम्ही म्हणते, आणि भांडण जितकं मोठं तितका अदब वाढत जातो. साधी कुरबुर असती तर शाइस्ता बेगम "काय हे" म्हणाल्या असत्या. 'मुबारक असो' म्हणजे प्रकरण फार पुढे गेलं होतं. वजाहत साहेबांना ते कळलं आणि त्यांनी ताट बाजूला सारलं.

"तुम्ही ओळखलंत?" त्यांनी विचारलं.

"दुसऱ्या भागात. नेजात बे खोकले तेव्हा."

म्हणजे हे गेले काही महिने बागेत चकरा मारत होते आणि बायको घरी बसून रोज त्यांचंच ऐकत होती. वजाहत साहेबांनी सहा महिन्यांत बागेची जेवढी धूळ खाल्ली होती, ती सगळी त्यांना त्या क्षणी आठवली.

आता लपवायचं कारण. वजाहत साहेब पोस्टातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. अंगापिंडानं बेताचे, पण आवाज असा की फोनवर ऐकणाऱ्याला वाटे, थेट खात्याच्या प्रमुखांशीच बोलतोय. त्या आवाजावर भाळून भेटायला आलेली माणसं समोर त्यांना पाहून "साहेब आत आहेत का?" असं विचारत. वरच्यानं आवाज एकासाठी घडवला आणि गडबडीत दुसऱ्याच्या हाती दिला, असं त्यांचं स्वतःचंही मत होतं. घरात मात्र या आवाजाला फारसं काम नसे. मीठ, चष्मा, दार कोण वाजवतंय आणि वीज कधी गेली, एवढ्यावर त्यांचा संसार चालला होता. मुलगी लग्न होऊन शारजाला गेल्यापासून तर तेवढंही लागेनासं झालं.

अशा आवाजाला निवृत्तीनंतर चॅनेलनं विचारावं यात नवल नव्हतं. जुन्या सहकाऱ्याचा मुलगा शहरयार तिथे परदेशी मालिका उर्दूत आणायच्या कामावर होता. एका भारदस्त म्हाताऱ्यासाठी आवाज हवा होता. अडचण एवढीच की अगदी त्याच आठवड्यात वजाहत साहेबांनी इमारतीच्या जिन्यात उभं राहून, चार माणसांदेखत, या तुर्की मालिकांनी घराघराची वाट लावली आहे आणि सज्जन माणसानं त्यांच्या वाऱ्यालाही उभं राहू नये, असं भाषण केलं होतं. भाषण चांगलं झालं होतं. तेव्हा आता माघार कशी घ्यायची? दुष्मनाच्या गोटात शिरून पाहणी करावी, अशी स्वतःची समजूत घालून त्यांनी होकार दिला, आणि पाहणी कुणाला सांगून करायची नसते म्हणून घरी सांगितलं नाही.

काम त्यांना आवडलं, हीच खरी लाजेची गोष्ट होती. काचेच्या खोलीत उभं राहायचं, समोरच्या पडद्यावर तुर्की माणसाचे ओठ हलायला लागले की आपलं वाक्य सोडायचं आणि त्याचे ओठ मिटताना आपलंही मिटवायचं. वाक्य लांब असलं तर पळायचं, आखूड असलं तर उसासा टाकायचा. नेजात बे तिकडे अधूनमधून पेल्यातून काही पीत. इकडे पेला धूसर केला जाई आणि वजाहत साहेबांना 'डाळिंबाचं सरबत फार उत्तम झालंय' असं म्हणावं लागे. नेजात बे आणि फेराय तिकडे पहिल्या भागापासून एका घरात राहत होते, कुणाला काही पडलेली नव्हती. इकडे ते चालणार कसं? म्हणून शहरयारच्या लेखकानं दोघांचं आधी नातं ठरवलं, मग साखरपुडा केला, फेरायला घरातल्या वेगळ्या खोलीत एका अदृश्य आत्याबरोबर झोपवलं आणि शंभराव्या भागापर्यंत कशीबशी लाज राखली. तिथे तुर्कांनी स्वतःच लग्न लावलं तेव्हा सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला.

त्या लग्नातच घात झाला. एरवी प्रत्येकाचा आवाज वेगवेगळ्या दिवशी घेत. नेजात बे मंगळवारी प्रेमाची कबुली देत आणि फेराय गुरुवारी लाजत असे. पण त्या दिवशी दुपारनंतर वीज जाणार होती, जनरेटर बिघडला होता आणि भाग संध्याकाळी द्यायचा होता, म्हणून दोघांना एकाच खोलीत उभं केलं. फेरायचा आवाज म्हणजे तलअत आपा. पासष्टी उलटलेली बाई, गुडघे गेलेले, तोंडात पान, उभ्या आयुष्यात रेडिओवर पंचविशीच्या पुढे गेली नाही. तिकडच्या लग्नात काझी नव्हता, लाल झग्यातला सरकारी माणूस होता. त्याचा उर्दूत काझी करायचा ठरलं. काझी होणारा नट कुणा बड्या माणसासाठी अडवलेल्या रस्त्यात अडकला. तेव्हा शहरयारनं बाजूच्या मशिदीच्या पेशइमामांना हात धरून आणलं. त्यांचे उच्चार शुद्ध होते. असणारच. ते दर शुक्रवारी खरेच निकाह लावत.

हे सगळं वजाहत साहेबांनी शाइस्ता बेगमना सांगितलं, आणि ही त्यांची मोठी चूक झाली. काचेची खोली, वीज, काझी, असा तपशील दिला की माणूस निर्दोष सुटतो, अशी पोस्टात राहून त्यांची समजूत झाली होती. दार उघडं होतं. वरच्या मजल्यावरचे फरासत भाई कचरा टाकून वर जाताना थांबले. हे कोर्टात न्यायाधीशापुढे कागद ठेवणारे पेशकार होते. अर्धा कायदा आणि अर्धा धर्म त्यांना पाठ होता, आणि दोन्ही अर्धे मिळून आपलं पूर्ण ज्ञान होतं असा त्यांचा विश्वास होता.

"काझी खरे होते?" फरासत भाईंनी उंबऱ्यातून विचारलं.

"खरे होते, पण..."

"साक्षीदार?"

"साक्षीदार कसले. शहरयार होता आणि तो बटणं दाबणारा."

"दोघं. मुसलमान, सज्ञान. आणि मेहर सांगितला होता?"

वजाहत साहेबांना आठवलं की लेखकानं नवरीला द्यायच्या मेहरमध्ये बॉस्फरसच्या काठचं ते पांढरं घर लिहिलं होतं. त्यांनी ते सांगूनही टाकलं. फरासत भाईंनी त्या बाईंच्या यजमानांची चौकशी केली. त्या विधवा आहेत म्हटल्यावर त्यांनी खेदानं मान हलवली. खेद यजमान वारल्याचा होता की अडचण वाढल्याचा, ते कळलं नाही. मग घसा साफ करून त्यांनी सांगितलं की निकाह ही चेष्टेत म्हटली तरी खरी धरली जाणारी गोष्ट आहे, असं त्यांनी मोठमोठ्यांच्या तोंडून ऐकलं आहे. तेव्हा सावधगिरी म्हणून वजाहत साहेबांनी त्या बाईंना तलाक देऊन टाकावा. आणि त्याच्या आधी ते घर.

"कुठलं घर?"

"बॉस्फरसचं. मेहर बुडवता येत नाही, वजाहत भाई."

रात्र सरायच्या आत इमारतीत दोन पक्ष झाले. तळमजल्यावरच्या मेमन बाईंना वाटत होतं की हा सगळा पोरखेळ आहे. दुसऱ्या मजल्यावरच्यांना वाटत होतं की आग नसताना धूर कशाला दिसेल. सकाळी एका घरातून शाइस्ता बेगमसाठी सांत्वनाचा हलीम आला आणि दुसऱ्या घरातून वजाहत साहेबांसाठी मिठाई आली. ती पाठवणाऱ्या गृहस्थांनी जिन्यात त्यांचा हात जरा जास्तच वेळ दाबून धरला आणि या वयात अशी हिंमत, असं काहीसं पुटपुटले. ज्या जिन्यात वजाहत साहेबांनी ते भाषण केलं होतं तोच हा जिना. ते खाली पाहत उतरले.

घरी आले तेव्हा शाइस्ता बेगमनी बॅग भरली होती. आवाज चढलेला नव्हता, डोळे कोरडे होते. डाळ कुठल्या डब्यात आणि रक्तदाबाची गोळी कुठल्या खणात ते त्यांनी नीट सांगितलं आणि आपण मलीरला इम्तियाजकडे जात असल्याचं कळवलं. इम्तियाज त्यांचा धाकटा भाऊ.

"परत कधी येणार?" वजाहत साहेबांनी विचारलं.

"तुम्हाला काही सुचलं की," त्या म्हणाल्या, आणि रिक्षात बसल्या.

सुचण्यासारखं एकच होतं. निकाह झालाच नाही हे सिद्ध करायचं. वजाहत साहेबांनी पोस्टात आयुष्य घालवलेलं. गोष्ट वर कळवली, शिक्का आला, की ती मिटते, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. चहाचा डबा सापडेना म्हणून ते चहा न घेताच चॅनेलवर गेले.

फाटकावरच्या माणसानं नाव पाहिलं आणि आत सोडायला नकार दिला. यादीत तसं नाव नव्हतं. एरवी शहरयार बरोबर घेऊन जाई, पण तो रजेवर होता. बऱ्याच खटपटीनंतर एका थंडगार खोलीत एका मुलीनं त्यांना समजावून सांगितलं की आवाज देणारी माणसं चॅनेलची नसतात, ठेकेदाराची असतात; ठेकेदाराकडेही ती माणसं म्हणून नसून मिनिटं म्हणून असतात; तेव्हा चॅनेलच्या दृष्टीनं वजाहत साहेब इथे कधी आलेलेच नाहीत. हे ऐकून त्यांना क्षणभर फार बरं वाटलं. जो आलाच नाही त्याचा निकाह कसा होईल? तसं लिहून द्याल का, असं त्यांनी विचारलं. जो आलाच नाही त्याला लिहून कसं देणार, असं मुलीनं विचारलं.

तेवढ्यात जाहिरातीकडच्या बाई आत आल्या आणि प्रकरण ऐकून आनंदानं खुर्चीवरच बसल्या. सकाळच्या कार्यक्रमात पुढचा आठवडा लग्नांचाच होता. वजाहत साहेब आणि तलअत आपा दोघं आले तर सोमवारी हळद, मंगळवारी मेंदी, बुधवारी वरात, असं सगळं चॅनेलच्या खर्चानं होईल; पहिल्या बेगमसाहेबांनाही बोलावू, त्या रडल्या तर उत्तमच. वजाहत साहेब उठले. आपण एका सुसंस्कृत घराण्यातले असून आपल्या बेगम रडत नाहीत, असं त्यांनी नेजात बेंच्या आवाजात ठणकावून सांगितलं. बाईंच्या अंगावर काटा आला. हाच आवाज, हाच आवाज सोमवारी हवा, असं त्या म्हणत राहिल्या.

घरी येऊन त्यांनी तलअत आपांना फोन केला. कसं बोलावं हे ठरवण्यातच बराच वेळ गेला, कारण बाईंना 'आपला निकाह झालाय का' असं विचारायची सभ्य पद्धत उर्दूतही नाही. तलअत आपा हसल्या, मग खोकल्या, मग पुन्हा हसल्या. आजवर माझे इतके निकाह लागलेत की मोजदाद नाही, त्यांत एक जिन्न होता आणि एक अकबराच्या फौजेतला सरदार, त्यांतल्या एकानंही मागाहून फोन केला नव्हता, असं त्या म्हणाल्या. घर मात्र ठेवून घेईन, या गुडघ्यांना समुद्राची हवा बरी, हेही त्यांनी सांगून ठेवलं. वजाहत साहेबांना हसायचं होतं, पण घरात हसलं तर ऐकायला कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते मुफ्ती साहेबांकडे गेले. मोठ्या मदरशाच्या एका कोपऱ्यात लोक प्रश्न घेऊन बाकांवर बसत. त्यांच्या आधी एक म्हातारा होता, त्याला भावांनी बापाच्या दुकानातून बाहेर काढलं होतं. एक तरुण मुलगी होती. नवऱ्यानं दुबईहून मोबाईलवर तलाक लिहून पाठवला होता आणि तो मजकूर ती पुन्हा पुन्हा काढून वाचत होती, जणू मध्येच कुठेतरी तो बदलेल. वजाहत साहेब आपला प्रश्न मनात घोळवत बसले आणि त्यांना तो लहान लहान वाटायला लागला. उठून जावं असंही वाटलं. पण मलीरला काय तोंड दाखवणार? त्यांची पाळी आली.

मुफ्ती साहेब थकलेले होते, पण त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. बॉस्फरसचं घर आलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले. ते विचार करत होते की हसू दाबत होते, ते दाढीमुळे कळलं नाही.

"काझींनी कबुली विचारताना कुणाचं नाव घेतलं?"

"नेजात. आणि फेराय."

"आपण नेजात आहात?"

"नाही."

"त्या बाई फेराय आहेत?"

"तलअत आहेत. तलअत जहाँ."

"मग आपण दुसऱ्याची गोष्ट वाचून दाखवलीत. वाचणारा काही नवरदेव होत नाही. खुशाल घरी जा." वजाहत साहेब आभार मानून उठणार, तोच मुफ्ती साहेबांनी विचारलं, "हा प्रश्न बेगमसाहेबांचा होता का?"

वजाहत साहेब उभ्याउभ्या विचारात पडले. प्रश्न फरासत भाईंचा होता. शाइस्ता बेगमनी निकाह झाला की नाही असं एका शब्दानं विचारलं नव्हतं. त्या फक्त म्हणाल्या होत्या, आवाज छान लागला होता. बसमध्ये मलीरपर्यंत ते या एका वाक्याशी झटत होते, आणि उतरताना त्यांनी ते नेहमीप्रमाणे बाजूला ठेवलं. हातात मुफ्ती साहेबांचा निर्वाळा होता. तो पुरेल असं त्यांनी ठरवलं.

इम्तियाजच्या घरी दार उघडंच होतं. आठ वाजून गेले होते, बैठकीत सगळे टीव्हीसमोर बसले होते आणि पडद्यावर नेजात बे पाहुण्यांचं स्वागत करत होते. वजाहत साहेबांनी उंबऱ्यातून सलाम केला. कुणी वळून पाहिलं नाही. सलाम नेजात बेंनीच केला असं सगळ्यांना वाटलं. इम्तियाजच्या बायकोनं तर पडद्याकडे पाहत वालेकुम अस्सलामही म्हटलं. फक्त शाइस्ता बेगमनी मान वळवली.

मग धावपळ झाली. भावजयीला स्वयंपाकघरात काही तरी करपल्याचा वास आला, इम्तियाजला बर्फ आणायचं आठवलं, आणि बैठकीत नवरा-बायको आणि नेजात बे असे तिघंच उरले. वजाहत साहेब सोफ्याच्या कडेवर बसले आणि त्यांनी निर्वाळा सादर केला. मदरशाची प्रतिष्ठा, मुफ्ती साहेबांची विद्वत्ता, प्रश्नोत्तरं, सगळं क्रमानं. शेवटी म्हणाले, "तेव्हा तो निकाह झालेलाच नाही."

"मला माहीत होतं," शाइस्ता बेगम म्हणाल्या. "मी काय खुळी आहे?"

"मग इथे येऊन का बसलात?"

"वाटलं, मला न्यायला याल. तुम्ही आधी फतवा आणायला गेलात."

वजाहत साहेबांनी पडद्याकडे पाहिलं. तिथे ओठ हलत होते, पण इथे काय बोलायचं ते शहरयारच्या लेखकानं लिहून दिलं नव्हतं.

"आपल्या निकाहाच्या वेळी," शाइस्ता बेगम ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत सांगायला लागल्या, "तुम्ही बाहेर शामियान्यात होतात. मी आत, बायकांत. तुम्ही कबूल म्हणालात ते मी ऐकलं नाही. बाहेर खारका उधळल्याचा गलका झाला, त्यावरून कळलं की झालं. सगळ्या आयुष्यात तुमच्या तोंडून ते मी परवा पहिल्यांदा ऐकलं. आणि ते तुम्ही दुसऱ्या कुणाला म्हणत होतात. तिच्याकडे बघून. तीनदा." त्यांनी ओढणीचं टोक सोडलं. "इतकं छान बोलता येतं तुम्हाला. मला वाटायचं, येतच नसेल. म्हणून मी कधी मागितलं नाही."

वजाहत साहेबांना सगळ्यात जास्त लागलं ते हे शेवटचं. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. इतकी वर्षं बाई आपल्याला मुका समजून सांभाळून घेत होती, आणि आपण मुके नव्हतो.

"मी म्हटलं होतं," ते म्हणाले. "तेव्हा. मनापासून म्हटलं होतं. तुमचं मात्र मलाही तुमची कबुली घ्यायला आत गेलेल्या वकील चाचांनीच येऊन सांगितलं, की मुलीनं कबूल केलं."

"मी काही म्हटलंच नाही."

"म्हणजे?"

"चाचांनी विचारलं. एकोणीस वर्षांची होते. शब्दच फुटेना. मग माझ्या फूफीनं, अब्बांच्या बहिणीनं, मागून मान खाली दाबली. चाचा म्हणाले, झालं, चला."

वजाहत साहेब सोफ्यात मागे टेकले. ज्या निकाहाच्या धाकानं ते दोन दिवस कराचीभर फिरले तो झालाच नव्हता, आणि ज्याच्या भरवशावर ते इतकी वर्षं जेवले, झोपले, एक मुलगी वाढवून सासरी पाठवली, तो फूफीच्या हातावर उभा होता. फूफी तर जाऊनही आता बरीच वर्षं झाली. फरासत भाईंना हे कळलं तर काय, असा विचार त्यांच्या डोक्यात आला आणि लगेच गेलाही. समोर बसलेली बाई त्यांना एकाएकी ओळखीची वाटेना. तिला कुणी विचारलंच नव्हतं. त्यांनीही नाही.

ते उठून तिच्यासमोरच्या वेताच्या मोड्यावर बसले. घसा खाकरला. मग म्हणाले, "कबूल आहे."

आवाज फाटला. नेजात बेंचा काही अंश त्यात उतरला नाही. शहरयारनं असं वाक्य ऐकलं असतं तर पुन्हा घ्यायला लावलं असतं. वजाहत साहेबांना लाज वाटली, पण त्यांनी ते परत म्हटलं, आणि दुसऱ्या वेळीही फाटलेलंच आलं. तिसऱ्यांदा तर नुसतेच ओठ हलले.

शाइस्ता बेगम त्यांच्याकडे बघत राहिल्या. 

"आणि तुमचं?" वजाहत साहेबांनी विचारलं. "या वेळी चाचा नाहीत. मला स्वतःला ऐकायचंय."

"विचार करू द्या."

वजाहत साहेब थांबले. आयुष्यात त्यांनी बढतीची, बदलीची, मुलीच्या निकालाची वाट पाहिली होती, पण अशी भीती कधी वाटली नव्हती. ती नाही म्हणू शकत होती, हे त्यांना आज पहिल्यांदाच कळत होतं. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाजही थांबला होता. भावजय कान देऊन असणार. पडद्यावर नेजात बे फेरायचा हात हातात घेऊन, त्याच खोल, घुमणाऱ्या, काळीज हलवणाऱ्या आवाजात काही तरी फार सुंदर सांगत होते.

"आधी त्यांना गप्प करा," शाइस्ता बेगम म्हणाल्या. "मी एकदाच म्हणेन."

वजाहत साहेबांनी रिमोट उचलला आणि स्वतःचा आवाज बंद केला. नेजात बे नुसते ओठ हलवत राहिले. मग शाइस्ता बेगमनी मान वर केली, नवऱ्याच्या डोळ्यांत पाहिलं, आणि म्हटलं.